चौर्य आणि साक्ष : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमातील नियमांची समीक्षा

१

विद्यापीठातील अभ्यासक्रमाच्या आरंभी विद्यार्थ्यांच्या हाती एक नियमपत्र दिले जाते. स्वाध्याय केव्हा सादर करावयाचे, विलंबास कितपत सवलत मिळेल, सहाध्यायांशी विचारविनिमय कोठवर चालेल आणि परक्याचे लेखन स्वतःचे म्हणून सादर केल्यास कोणती शिक्षा होईल, असा मजकूर त्यात असतो. हे पत्र फारसे कोणी लक्षपूर्वक वाचीत नाही. वाचले तरी प्रशासकीय कागद म्हणून वाचले जाते. वस्तुतः अध्यापकाची विद्यार्थ्याकडून अपेक्षा कोणती, ज्ञान झाले असे तो केव्हा मानतो आणि विद्यार्थ्यावर त्याचा विश्वास किती, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या दोन-तीन पानांत दडलेली असतात. समीक्षेचा विषय होण्याची योग्यता ह्या कागदाला आहे ती एवढ्यासाठीच.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाचे नियमपत्र ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह ठरते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले आणि निबंध, अनुवाद, गणिताची उकल व संगणकाची आज्ञावली मागताक्षणी पुरविणारे साधन विद्यार्थ्याच्या हाताशी आले. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या वर्गात हे साधन बाहेरून आलेले आहे. त्याला आत घ्यावयाचे की नाही, एवढाच तेथील प्रश्न. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गात मात्र साधन आणि अभ्यासविषय एकच. ज्या यंत्राची रचना समजून घ्यावयाची, त्याच यंत्राकडून ती समजल्याचा पुरावा लिहून घेता येतो. सरसकट बंदी घालावी तर व्याकरणाच्या विद्यार्थ्याला वाक्ये वाचण्यास मनाई केल्यासारखे होते. सरसकट मोकळीक द्यावी तर परीक्षा कोणाची घेतली, हेच कळेनासे होते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता व विदाविज्ञान’ ही स्वतंत्र शाखा आहे, आणि अहिल्यानगर जिल्हा ह्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. त्या जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात असे एक गाव आहे की, जेथे चोरी, कुलूप आणि विश्वास ह्यांचा संबंध साऱ्या महाराष्ट्राने नवलाने पाहिला आहे. हे गाव म्हणजे शनिशिंगणापूर. नियमपत्रांतील मूळ गफलत समजून घेण्यास त्या गावाचा अलीकडील इतिहास उपयोगी पडतो.

२

शिंगणापूरचा देव छपराखाली नाही. उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा हीच तेथील शनैश्वराची मूर्ती. देवाला जसे छप्पर नाही तशी गावातील घरांना दारे नाहीत. चौकट असते, उंबरठा असतो. फळ्या, कडी आणि कुलूप मात्र नसते. रात्री कुत्री-जनावरे आत शिरू नयेत म्हणून चौकटीला एखादी फळी टेकवून ठेवावी, इतकाच काय तो आडोसा. येथे चोरी करणाऱ्यास शनीचा कोप भोवतो, ही श्रद्धा ह्या रीतीच्या मुळाशी सांगितली जाते.

ही रीत केवळ श्रद्धेवर उभी होती असे समजणे मात्र अपुरे होईल. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, परका माणूस गल्लीत येताच दहा डोळे त्याच्याकडे वळतात आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहूनच उद्याचा दिवस काढावयाचा असतो, तेथे कुलपाचे काम ओळख करीत असते. शनीचे भय ही त्या ओळखीची धार्मिक भाषा होय, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे देवस्थानाची कीर्ती वाढली आणि दूरदूरच्या अनोळखी यात्रेकरूंची रीघ लागली, तेव्हा ह्या व्यवस्थेवर ताण पडला. २०१० व २०११ मध्ये चोरीच्या तक्रारी प्रसिद्ध झाल्या. २०१५ मध्ये गावाला स्वतंत्र पोलीस ठाणे मिळाले. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने येथे शाखा उघडली, तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून तिचा गवगवा झाला. पण तिच्या पारदर्शक काचेच्या दाराला सहज न दिसणारे विद्युत्चुंबकीय कुलूप बसविल्याचे त्याच वेळी वृत्तपत्रांनी नोंदविले होते. श्रद्धेचा मान राखावयाचा आणि ठेवीदारांचा पैसाही राखावयाचा, ह्या दुहेरी निकडीतून निघालेली ती तडजोड होती.

आणखी मोठा बदल पुढे झाला. देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून पूजा व अभिषेक ह्यांच्या निमित्ताने भाविकांकडून पैसे घेतल्याचे आरोप २०२५ मध्ये पुढे आले. जुलै महिन्यात विधानसभेत त्यांची चर्चा झाली आणि गुन्हाही नोंदविला गेला. त्याचा न्यायनिवाडा येथे कर्तव्य नाही. त्या प्रकाराचे स्वरूप तेवढे लक्षात घ्यावयाचे आहे. ह्यात कोणी कोणाच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलेले नाही, कोणाच्या पेटीला हात लावलेला नाही. आरोप खरे मानले तर पैसे भाविकांनी आपल्या हाताने दिले, आणि फसवणूक झाली ती नावाची. जो जे नव्हता ते असल्याचे त्याने सांगितले. अशा अपराधापुढे दार असणे आणि नसणे सारखेच निरुपयोगी. घेणे हा एक अपराध आणि खोटे नाव सांगणे हा दुसरा. शिंगणापुरात पंधरा वर्षांच्या अंतराने हे दोन्ही अपराध पाहावयास मिळाले. विद्यापीठीय नियमपत्रांत ह्या दोहोंची गल्लत झालेली आहे, हेच पुढील विवेचनाचे सूत्र आहे.

३

लेखनविषयक अप्रामाणिकपणाला मराठीत रूढ झालेला शब्द ‘वाङ्मयचौर्य’ असा आहे. शब्दातच निदान सामावलेले आहे: कोणाची तरी मालमत्ता होती, ती कोणी तरी उचलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी व वाङ्मयचौर्यप्रतिबंध ह्यांविषयी जे विनियम काढले, त्यांची घडणही ह्याच कल्पनेवर झालेली दिसते. लेखनातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर, अशा तीन चढत्या पायऱ्या. प्रबंधाच्या बाबतीत शेवटच्या पायरीवर नोंदणी रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचा सर्वसामान्य किंवा योगायोगाने जुळणारा मजकूर साम्यात धरावयाचा नाही, इतका बारकावाही त्यांत आहे.

ह्या विनियमांतील व्याख्या सूक्ष्मपणे वाचली तर तिच्यात दोन क्रिया आढळतात. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेणे ही पहिली. ती आपली म्हणून पुढे करणे ही दुसरी. अपराध दोहोंच्या संयोगाने घडतो. मोजमाप मात्र पहिल्या क्रियेचेच ठेवलेले आहे, कारण साम्य मोजता येते आणि ‘आपले म्हणून’ ह्या शब्दांतील असत्य मोजता येत नाही. जोवर घेतल्याशिवाय खोटे मिरविणे शक्य नव्हते, तोवर हे चालून गेले. पहिल्या क्रियेचा माग काढला की दुसरी आपोआप सापडे.

यंत्राने ही सांगड तोडली. यंत्राने रचलेला परिच्छेद बहुधा कोठल्याही छापील पानाशी शब्दशः जुळत नाही. साम्य शून्याच्या आसपास येऊ शकते. ज्याचे घेतले असा ‘दुसरा कोणी’ही येथे बोट दाखवून सांगता येत नाही. यंत्र ज्या लेखनावर घडविले गेले त्याच्या मालकीचा प्रश्न निराळा आणि गंभीर आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये आणि भारतात एएनआय ह्या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जे दावे लावले, ते त्याच प्रश्नाचे. परंतु तो वाद लेखनाचे स्वामी आणि यंत्राचे निर्माते ह्यांच्यातील आहे. स्वाध्याय लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा अपराध त्यातून ठरत नाही. त्याने चोरी केली असे म्हणता येत नाही, आणि त्याने काहीच गैर केले नाही असेही म्हणवत नाही. येथे शब्दच अपुरा पडला आहे.

भारतीय साहित्यशास्त्राने हा प्रश्न अधिक बारकाईने हाताळला होता. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त ‘हरणा’चा स्वतंत्र विचार केला, आणि शब्दहरण व अर्थहरण ह्यांचा भेद करून प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य व परपुरप्रवेशसदृश असे अर्थाच्या उसनवारीचे प्रकार सांगितले. अर्थ सगळा तोच, रचना तेवढी निराळी, हा प्रतिबिंबकल्प त्याने हीन मानला. मूळ एक असूनही ज्याची घडण सर्वस्वी नवी, त्या प्रकाराला त्याने वरचे स्थान दिले. घेण्याच्या प्रमाणापेक्षा घेतल्यावर कवीने काय केले, ह्याकडे त्याची दृष्टी होती. आजच्या साम्यमापक यंत्रणेची दृष्टी नेमकी उलट आहे. प्रतिबिंबकल्प लेखन, म्हणजे शब्द बदलून तोच अर्थ पुन्हा सांगणे, हे भाषायंत्राचे अगदी हातखंडा काम. आणि साम्यमापकाच्या हातून निसटते ते तेच.

आणखी एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. २०१८ च्या विनियमांच्या कक्षेतून स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल व उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत. ज्या लेखनात यंत्राचा वापर सर्वांत अधिक होण्याचा संभव, त्याच्यापुरते नियम करण्याचे काम विभागावर आणि अध्यापकावर येऊन पडते. अशा स्थितीत प्रबंधांसाठी केलेली टक्केवारी उचलून स्वाध्यायांना लावणे, हा विचाराचा कंटाळा होय.

४

साम्यमापक निरुपयोगी ठरल्यावर काही संस्थांनी यंत्रलेखन ओळखणाऱ्या यंत्रांचा आश्रय केला. हे कुलूप पहिल्यापेक्षा धोक्याचे आहे. ओपनएआयने स्वतः काढलेले असे ओळखयंत्र अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनची ही सोय बंद केली. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात ओळखयंत्रे तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरविले गेले. कारण उघड आहे. परभाषेत लिहिणारा मोजके शब्द आणि सरळ, ठरीव वाक्ये वापरतो. आणि ओळखयंत्र अशा अपेक्षित वाक्यांनाच यंत्राची खूण समजते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांना हा निष्कर्ष दूरचा वाटण्याचे कारण नाही. नेवासे किंवा पाथर्डी तालुक्यातून मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी अभियांत्रिकीचा अहवाल इंग्रजीत लिहितो, तेव्हा त्याची वाक्ये ठरीवच असणार. शिक्षकांनीच त्याला ती घोकविली आहेत. अशा विद्यार्थ्यावर यंत्राच्या साक्षीने अप्रामाणिकपणाचा आळ येणे म्हणजे ज्या भाषेने त्याला आधीच मागे ठेवले, त्याच भाषेच्या नावाने त्याला पुन्हा शिक्षा होणे. उलटपक्षी, सरसकट बंदीचा भारही त्याच्यावरच अधिक पडतो. शहरातील सुस्थित विद्यार्थ्याचा मसुदा शुद्ध करण्यास घरी कोणी तरी असते. खेड्यातील विद्यार्थ्याला ती मदत प्रथमच यंत्राकडून मिळू लागली आहे. पहिली मदत संस्कार म्हणून गौरवावयाची आणि दुसरी लबाडी म्हणून दंडावयाची, हा न्याय नव्हे.

५

अपराधाचे खरे नाव चौर्य नसेल तर ते कोणते? ह्याचे उत्तर नेवासे तालुक्यातच शोधता येते, हा केवळ स्थळाचा योगायोग समजू नये. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे झाली. ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या शेवटीच नोंदलेली आहे. पुढे सुमारे तीन शतकांनी पाठांत अपपाठ शिरल्याचे पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्याचे शोधन केले. तसे केल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आणि आपल्या पदरच्या ओव्या त्यात मिसळणाऱ्यांना कडक शब्दांत बजावले.

ह्या परंपरेत लेखकाच्या मालकीचा आजच्या अर्थाने प्रश्नच नव्हता. ज्ञानेश्वरी कोणीही उतरून घ्यावी, कोणीही गावी. निषिद्ध होते ते स्वतःचे वाक्य ज्ञानेश्वरांच्या नावावर घालणे. वाङ्मयचौर्यात दुसऱ्याचे आपले म्हणून सांगितले जाते. प्रक्षेपात आपले दुसऱ्याचे म्हणून. दिशा उलट, परंतु दोष एकच: बोलणारा कोण, हे खोटे सांगितले गेले. सांगणारा, लिहिणारा आणि शोधणारा, ह्या तिघांचे हात जेथे वेगवेगळे दाखविले, तेथे ग्रंथ विश्वसनीय राहिला. तेव्हा हरकत अनेक हात लागण्याला नाही, हात लपविण्याला आहे. हा अपराध चोरीच्या जातीचा नसून खोट्या साक्षीच्या जातीचा आहे.

विद्यार्थी स्वाध्यायावर आपले नाव लिहितो तेव्हा तो एक साक्ष देत असतो. ‘ह्यातील प्रत्येक अक्षर माझे’ एवढा तिचा अर्थ कधीच नव्हता. पाठ्यपुस्तक, अध्यापक आणि सहाध्यायी ह्यांचे ऋण प्रत्येक स्वाध्यायात असतेच. ‘ह्यातील प्रत्येक विधानाचा जबाब मी देईन’ हा तिचा खरा अर्थ. न्यूयॉर्कमधील एका खटल्यात वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले, आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. त्या निकालात यंत्र वापरणे हे मुळात गैर ठरविलेले नाही. ज्यावर सही केली ते तपासले नाही आणि प्रश्न उपस्थित झाल्यावरही त्याला चिकटून राहिले, हा दोष धरला गेला. विद्यार्थ्याच्या बाबतीत ह्याहून निराळे तत्त्व लावण्याचे कारण दिसत नाही.

६

ह्या भूमिकेतून नियमपत्र लिहावयाचे ठरल्यास त्याची घडण बदलावी लागेल. पहिला नियम प्रकटीकरणाचा: यंत्राचे साहाय्य घेतले असल्यास कोणत्या कामासाठी, त्याने काय दिले आणि त्यातील काय बदलले, टाकले किंवा चुकीचे आढळले, ह्याची नोंद स्वाध्यायासोबत असावी. दुसरा नियम जबाबाचा: गुण लेखनाला थोडे आणि त्यावरील तोंडी प्रश्नोत्तरांना अधिक. शोधमार्गाची आज्ञावली यंत्राने लिहून दिली असेल. परंतु तिच्यातील अंदाजाचे सूत्र बदलल्यास सर्वांत जवळची वाट सापडण्याची हमी का राहत नाही, हे फळ्यापुढे उभे राहून विद्यार्थ्यालाच सांगावे लागेल. पीएच.डी.च्या प्रबंधाला मौखिक परीक्षेची अट आपल्या विद्यापीठांनी आजवर सोडलेली नाही. तेच तत्त्व खालच्या पायरीवर आणावयाचे आहे.

तिसरा नियम अपेक्षेचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्याने यंत्राचे उत्तर तपासावयास शिकणे, हाच स्वाध्याय असू शकतो. उदाहरणार्थ, शिंगणापूरचे वर्णन यंत्राकडून लिहवून घ्यावे आणि १८८४ च्या अहमदनगर जिल्हा गॅझेटियरपासून अलीकडील वृत्तांपर्यंतची साधने घेऊन प्रत्येक विधान पारखावे. ‘ह्या गावात चोरी कधीच झाली नाही’ हे वाक्य असंख्य ठिकाणी छापलेले आहे, आणि जे वारंवार लिहिले गेले तेच यंत्र पुन्हा लिहिण्याचा संभव अधिक. वारंवारता आणि सत्य ह्यांतील अंतर ज्या विद्यार्थ्याने ह्या एका वाक्यात स्वतः पाहिले, त्याला संभाव्यतेवर चालणाऱ्या यंत्राचे मर्म व्याख्यानापेक्षा लवकर उमगेल.

चौथा नियम परतीच्या वाटेचा. हार्वर्डच्या ‘सीएस५०’ ह्या संगणकशास्त्राच्या प्रसिद्ध अभ्यासक्रमात २०१४ पासून अशी तरतूद आहे की, नियमभंग केल्यानंतर बहात्तर तासांच्या आत विद्यार्थ्याने आपण होऊन कबुली दिली, तर प्रकरण अभ्यासक्रमाच्या पातळीवरच मिटविले जाते. साक्ष बदलण्याची मुभा दिल्याने खरे बोलण्याची सवय लागते; केवळ धाकाने ती लागत नाही. त्याच अभ्यासक्रमाने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी स्वतःचे मर्यादित साहाय्ययंत्र देऊन बाहेरची यंत्रे वर्ज्य केली, हेही उल्लेखनीय आहे.

पाचवा नियम अध्यापकावरील. जॉर्जिया टेक ह्या संस्थेत २०१६ मध्ये प्राध्यापक अशोक गोयल ह्यांच्या ज्ञानाधिष्ठित कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमात ‘जिल वॉटसन’ नावाची साहाय्यक अध्यापिका विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देत होती. ती यंत्र असल्याचे विद्यार्थ्यांना सत्राच्या अखेरीस कळले. प्रयोग म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते अनाठायी नव्हते. परंतु विद्यार्थ्याने यंत्राचा हात लपविला तर तो अपराध आणि अध्यापकाने लपविला तर तो प्रयोग, हा भेद नियमपत्रात टिकणारा नाही. व्याख्यानाच्या टिपणीत, प्रश्नपत्रिकेत किंवा गुणदानात यंत्राचे साहाय्य असेल, तर तेही उघड असावे.

ह्या योजनेवर आक्षेप आहेत. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाला दहा मिनिटे दिली तरी एका स्वाध्यायाचे जवळजवळ सतरा तास होतात. अध्यापकांच्या जागा रिक्त असलेल्या महाविद्यालयांना हे कसे झेपावे? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर लेखी कामाची संख्या कमी करणे हेच असू शकते. दहा न तपासलेल्या स्वाध्यायांपेक्षा दोन जबाबदार स्वाध्याय बरे. प्रकटीकरणातही विद्यार्थी खोटे लिहू शकतील, हा दुसरा आक्षेप. लिहितील; पण तोंडी जबाबाने ते उघडकीस येण्याची शक्यता ओळखयंत्रापेक्षा अधिक आहे, आणि निरपराध विद्यार्थी त्यात भरडला जाण्याची भीती कमी. तोंडी परीक्षेत पक्षपाताला वाव राहतो, हा तिसरा आक्षेप अधिक वजनाचा. त्यासाठी प्रश्न आधी ठरलेले, परीक्षक दोन आणि भाषा विद्यार्थ्याच्या पसंतीची, मराठीसुद्धा, असावी.

शिंगणापूरची घरे दाराविना राहिली तरी चौकटीविना राहिली नाहीत, ही गोष्ट येथे पुन्हा आठवावी. आत येणाऱ्याने उंबरठ्याशी थांबून आपण कोण ते सांगावे आणि आतल्याने त्याला ओळखावे, ह्यावर ती घरे सुरक्षित होती; ओळख संपली तेव्हा पोलीस ठाणे आले. अध्यापक जोवर आपल्या विद्यार्थ्याला नावाने, त्याच्या बोलण्याने आणि त्याच्या चुकांनी ओळखतो, तोवर वर्गातही तीच सुरक्षितता असते. ती ओळख यंत्रांच्या येण्याआधीच कित्येक ठिकाणी संपली होती, हे मान्य करणे विद्यापीठांना जड जाईल. नियमपत्राचे पुनर्लेखन करताना विभागांनी कोणते कुलूप घ्यावे ह्याची चौकशी करण्याआधी एका वर्गात किती विद्यार्थी असावेत, हा प्रश्न हाती घेणे अगत्याचे आहे.